गोळीनंतरची सकाळ

३ सप्टेंबर २०२४, मंगळवार

दुकान उघडल्याबरोबर एच-वनची वही पुढ्यात घेतली. गणपतीच्या आधीचा आठवडा, दुपारनंतर तिला हात लावायला सवड मिळणार नाही. एच-वन ही औषधांची यादी; ऑगस्ट २०१३ मध्ये तिची अधिसूचना निघाली आणि मार्च २०१४ पासून ही वही प्रत्येक मेडिकलवाल्याच्या मागे लागली. क्षयाची औषधं, भारी अँटिबायोटिक्स आणि त्यांच्याबरोबर अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम. लिहून देणाऱ्याचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, नग, सगळं वेगळ्या वहीत उतरवायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. काम कटकटीचं असलं तरी मला पटतं. फक्त हा माणूस ही गोळी कधीपासून घेतोय, असा रकाना तिच्यात नाही, आणि खरी विचारण्याची गोष्ट तीच आहे.

अकराच्या सुमाराला सर आले. आम्हाला आठवीला गणित शिकवायला होते. त्यांच्या बँकेजवळचं दुकान बंद झालं म्हणून आता माझ्याकडे. "पॉइंट टू फाइव्ह, दोन पाकिटं दे." चिठ्ठी घडीवर फाटलेली, मागून चिकटपट्टी. अल्प्राझोलाम, रात्री एक, १५ दिवस. तारीख कोविडच्या आधीची.

"सर, हे पंधरा दिवसांचं होतं."

"मग? त्यानंतर झोप यायची थांबली का माझी? रोज येते की."

त्यांना नवी चिठ्ठी आणायला सांगितलं. चिठ्ठीवर पुन्हा द्यावी असं लिहिलेलं नसेल तर ती एकदाच चालते, हा नियम जुनाच आहे. सर रागावले. पण त्यांचे डॉक्टर दोन गल्ल्या पलीकडेच बसतात, संध्याकाळी नवी चिठ्ठी घेऊन आले. तिच्यावर खाली ‘पुढच्या आठवड्यात भेटणे’ असंही होतं. बरं वाटलं.

६ सप्टेंबर, शुक्रवार

हरतालिका. मोती चौकात पाय ठेवायला जागा नाही.

मागच्या वाड्यातल्या आजी पडल्या. रात्री तीनला लघवीला उठल्या, मोरीच्या उंबऱ्याशी तोल गेला, खुब्याचं हाड मोडलं. सून डायपर आणि कॅल्शियम न्यायला आली होती. बिचारी रडवेली झालेली. "ब्याऐंशीच्या आहेत हो ताई, वयच झालं."

तिनं आजींच्या गोळ्यांचा डबा आणला होता, काय संपलंय ते बघायला. बीपीची, साखरेची, आणि क्लोनाझेपाम पॉइंट फाइव्ह. ही कशासाठी, विचारलं. "ती झोपेची. मामंजी गेले तेव्हापासून आहे." मामंजी गेले त्याला किती वर्षं झाली हे मला माहीत आहे. तेव्हा त्यांच्या नातवाची मुंज व्हायची होती, आता तो इंजिनिअरिंगला आहे.

क्लोनाझेपाम अंगातून निम्मं उतरायला साधारण ३० ते ४० तास लागतात. म्हणजे कालची गोळी निम्मीही सरलेली नसते तोवर आजची पोटात जाते. वय वाढलं की यकृताचं काम मंदावतं आणि मेंदू त्याच मात्रेला जास्त बधतो. गोळी एकटी झोप आणत नाही, स्नायूही सैल करते. तीन वाजता अंधारात उठलेल्या माणसाला पाय आणि तोल दोन्ही जागेवर लागतात, आणि नेमकं तेच तिनं काढून घेतलेलं असतं. मार्क बियर्स नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९९१ मध्ये म्हाताऱ्या माणसांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी केली. पुढे अमेरिकेतली वृद्धोपचारतज्ज्ञांची संस्था ती वेळोवेळी सुधारत आली. पासष्टीपुढच्यांना क्लोनाझेपामचा सगळा गटच टाळा, असं तिच्यात म्हटलंय. कारणं हीच: पडणं, हाड मोडणं, भ्रम होणं, गाडीचे अपघात.

आजी गोळीमुळेच पडल्या असं मी म्हणणार नाही. एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, मोरी ओली होती, बीपीच्या गोळीनंही उठताना चक्कर येते. पण सुनेनं मोरीला दोष दिला, चपलेला दिला, वयाला दिला, आणि डब्यातल्या त्या गोळीकडे तिचं लक्षही गेलं नाही. वर्षानुवर्षं मी हेच बघते आहे. या गोळीचा त्रास होतो तो दिवसा होतो, आणि दिवसा त्याला म्हातारपण म्हणतात.

हाडाच्या डॉक्टरांना हा डबा जसाच्या तसा दाखवा, एवढं सुनेला सांगितलं. मनानं गोळी बंद करू नका, हेही.

१० सप्टेंबर, मंगळवार

गौरी आल्या. रात्री साडेनऊला पंचविशीतला एक मुलगा: "ताई, ढोलामुळे चार रात्री झोप नाही, एक झोपेची गोळी द्या ना. एकच." नाही दिली. कानात घालायचे बोळे दिले, दहा रुपये. तोंड वाकडं करून घेऊन गेला.

१८ सप्टेंबर, बुधवार

विसर्जन झालं. आज गाव सुस्त.

कोरेगावच्या शाळेत शिकवणाऱ्या बाई झोल्पिडेम दहाची चिठ्ठी घेऊन आल्या. दुसरी चिठ्ठी, पहिली पुण्यात घेतली होती. झोप छान लागते म्हणाल्या. मी विचारलं, सकाळी कसं वाटतं? "एकदम फ्रेश." मग पैसे देता देता त्याच सांगू लागल्या की परवा सकाळी सातला स्कूटरवरून जाताना पुढचा टेम्पो थांबला ते त्यांना दिसलं, पण ब्रेक दाबायला हात उशिरा गेला. "मी जागी होते हो. पण जरा मागे होते."

यापेक्षा नेमकं वर्णन मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. झोल्पिडेम अल्प्राझोलामसारखं रेंगाळत नाही, साधारण अडीच तासांत निम्मं उतरतं. म्हणून तर ते आलं तेव्हा सगळ्यांना आवडलं. पण बायकांच्या शरीरातून ते पुरुषांपेक्षा सावकाश उतरतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाला हे कळलं तेव्हा गोळी बाजारात येऊन वीस वर्षं झाली होती. जानेवारी २०१३ मध्ये त्यांनी बायकांसाठी मात्रा १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणायला लावली, कारण रात्री घेतलेल्या गोळीचं रक्तातलं प्रमाण सकाळी गाडी चालवण्याइतकं खाली आलेलं नसायचं. आणि हुशारी वाटते आहे म्हणजे हुशारी आहे असं नव्हे, असंही त्यांनी बजावलं. वीस वर्षं पुरुष आणि बाई एकच मात्रा घेत होते आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही!

बाईंसमोरच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. पाचची करून दिली आणि दोन आठवड्यांनी दाखवायला बोलावलं. शाळेत एसटीनं जा म्हटलं, तर म्हणाल्या, "सकाळची एसटी वेळेवर येते असं वाटतं का तुम्हाला?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

२६ सप्टेंबर, गुरुवार

एक गृहस्थ मधुमेहाची औषधं न्यायला आले, बरोबर बायको. साखर वाढलीय. बायको म्हणाली, वाढणारच, रात्री उठून चिवडा, लाडू, कालचा भात, जे हाताला लागेल ते खातात. नवरा चिडला. "मी खात नाही, खोटं बोलते ही." दोघंही खरंच बोलत होते. त्यांना रात्रीचं काहीच आठवत नव्हतं. झोल्पिडेम सुरू होऊन काही आठवडे झाले होते.

झोपेत चालणं, खाणं, फोन करणं, स्वयंपाक करणं, गाडीसुद्धा चालवणं, आणि सकाळी सगळं कोरं. ऐकायला ही गंमत वाटते. पण एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं झोल्पिडेम, एस्झोपिक्लोन आणि झालेप्लॉन या तिन्ही औषधांवर चौकटीतला सर्वात कडक इशारा छापायला लावला, तो ६६ प्रकरणांवरून. त्यांतली २० माणसं दगावली होती. कुणी पडून, कुणी बुडून, कुणी थंडीत बाहेर राहून, कुणी गाडीवर. २६ वर्षांतली ६६ म्हणजे फार नव्हेत, हे कबूल. पण पहिल्याच गोळीला आणि लहानात लहान मात्रेलाही असं घडलेलं होतं, त्यामुळे ‘मला सवय आहे’ म्हणून कुणी सुटत नाही. आणि एकदा जरी घडलं तरी त्या माणसानं ही औषधं पुन्हा घ्यायची नाहीत.

त्या बाईंना विचारलं, गॅस कुठे असतो? ओट्याखाली. सिलिंडरचा कॉक रात्री बंद करायला सांगितला, गाडीच्या किल्ल्या उशाशी घ्यायला सांगितल्या, आणि आजच डॉक्टरांकडे जायला सांगितलं. नवरा जाताना बायकोशी बोलत नव्हता.

३ ऑक्टोबर, गुरुवार

घटस्थापना. रात्री दुकान लवकर बंद.

बाबा सांगायचे, त्यांच्या उमेदीच्या काळात काम्पोज म्हणजे घराघरातलं औषध. रॅनबॅक्सीनं १९६९ मध्ये आणलं, आतलं औषध डायझेपाम. परीक्षेला काम्पोज, लग्नाला काम्पोज, नवरा उशिरा आला की काम्पोज. डायझेपामचं मूळ व्यापारी नाव व्हॅलियम, १९६३ चं, लिओ स्टर्नबाख यांच्या संशोधनातून निघालेलं. त्याआधी १९६० मध्ये त्यांचंच लिब्रियम. त्याआधी बार्बिट्युरेट, ज्यांची पहिली गोळी जर्मनीत १९०३ मध्ये आली. बार्बिट्युरेटची मात्रा थोडी चुकली की श्वास थांबायचा, म्हणून व्हॅलियम सुरक्षित ठरलं. व्हॅलियमची सवय लागते हे उघड झालं, म्हणून झोल्पिडेम सुरक्षित ठरलं. प्रत्येक नवी गोळी आधीच्या गोळीच्या मानानं सुरक्षित. हे खोटं नाही, पण अर्धवट आहे.

आणि थॅलिडोमाइडही झोपेचंच औषध होतं, हे आता किती जणांना ठाऊक असेल? पश्चिम जर्मनीत १९५७ मध्ये आलं ते इतकं निर्धोक म्हणून की चिठ्ठीशिवाय मिळे. गरोदर बायकांनी घेतलं, हात-पाय न वाढलेली हजारो मुलं जन्मली, नोव्हेंबर १९६१ मध्ये ते मागे घेतलं गेलं. अमेरिकेत ते त्या वेळी विक्रीला आलं नाही, कारण औषध प्रशासनातल्या फ्रान्सिस केल्सी नावाच्या बाईंनी कंपनीचा पुरावा अपुरा म्हणून मंजुरी अडवून धरली. कुणी चिठ्ठीवरून हुज्जत घातली की मला त्या बाई आठवतात.

१० ऑक्टोबर, गुरुवार

दिवसभर टीव्हीवर रतन टाटांच्या अंत्यदर्शनाच्या बातम्या. त्या गर्दीत आज गुरुदत्त यांना जाऊन साठ वर्षं झाली हे मागेच पडलं. मुंबईत गेले, चाळिशीही गाठलेली नव्हती. दारू आणि झोपेच्या गोळ्या एकत्र.

या दोन्हींची जोडी का वाईट हे कळायला डॉक्टर असावं लागत नाही. दोन्ही मेंदूतल्या त्याच यंत्रणेला दाबतात, आणि श्वासाचा ताल मेंदूच सांभाळतो. एकटी गोळी नेमक्या मात्रेत फारसं करणार नाही, सोबत दारू आली की हिशेब बदलतो. तसंच कोडीनवालं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं. आणि मोठ्यानं घोरणारी माणसं, ज्यांचा श्वास झोपेत मधेच अडतो. त्यांना झोप पुरत नाही ती या अडण्यामुळे. त्यांनी त्यावर झोपेची गोळी घेतली की जाग येऊन श्वास सुरू होण्याची जी सोय शरीरानं ठेवलीय तीच मंद होते. ‘घोरता का?’ हा प्रश्न झोपेच्या गोळीआधी विचारायचा असतो, आणि तो बायकोला किंवा नवऱ्याला विचारायचा असतो.

१६ ऑक्टोबर, बुधवार

कोजागिरी. काकूंचा फोन, साडेआठला: "आज बारापर्यंत गच्चीवर आहोत, मग गोळी साडेबाराला घेऊ का? सकाळी सहाला पाणी भरायचंय." आज घेऊच नका, म्हटलं. काकूंकडे एस्झोपिक्लोन आहे, तेही रोजचं नाही, लागलं तर घ्यायचं. सात-आठ तास अंथरुणात काढता येणार असतील तरच या गोळ्या घ्यायच्या, साध्या अक्षरांत हे पाकिटातल्या कागदावर असतं. तो कागद कोण उलगडतो?

१७ ऑक्टोबर, गुरुवार

काकू स्वतःच आल्या. कोजागिरीचं मसाला दूधही कडू लागलं म्हणाल्या. गेले काही दिवस तोंड कडू आहे, धातू चघळल्यासारखं. पित्त समजून त्या मनानंच पित्ताच्या गोळ्या घेताहेत. कडू तोंड ही एस्झोपिक्लोनची नेहमीची तक्रार आहे, अगदी ओळखीची. एका गोळीचा त्रास, त्यावर दुसरी गोळी, दुसरीनं बद्धकोष्ठ झाला की इसबगोल. माझा धंदा वाढतो यात, दुसरं काही नाही. डॉक्टरांना सांगा म्हटलं. त्या म्हणाल्या, "एवढ्याशासाठी?" हो, एवढ्याशासाठी.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

सरांची गोष्ट लिहायची राहिली.

दसऱ्याला मुलगा पुण्याहून आला. बाबा तीच तीच गोष्ट सांगतात, दुपारी पेंगतात, चष्मा फ्रिजमध्ये ठेवतात. मोबाइलवर काही वाचलं, आणि सगळी पाकिटं उचलून कचऱ्यात टाकली. तिसऱ्या रात्री सरांच्या हाताला कापरं, अंगाला घाम, डोळ्याला डोळा नाही. सरांच्या पत्नीनं मला रात्री अकराला फोन केला. मी म्हटलं, फोन ठेवा आणि डॉक्टरांना उठवा. वर्षानुवर्षं घेतलेली ही गोळी एकदम तोडली तर झोप पहिल्याहून जास्त उडते, आणि काहींना फिटही येते. सप्टेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं अल्प्राझोलामच्या गटातल्या सगळ्या औषधांवर सवय आणि एकदम बंद करण्याचे धोके असा चौकटीतला इशारा छापायला लावला. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला हेदर अ‍ॅश्टन नावाच्या डॉक्टर बाईंनी १९८२ पासून बारा वर्षं फक्त या गटातल्या गोळ्या सोडवायचा दवाखाना चालवला. त्यांचं म्हणणं एकच, घाई नको. मात्रा कणाकणानं कमी करायची, कुणाला महिने लागतात, कुणाला वर्षही.

आता डॉक्टरांनी सरांची गोळी परत सुरू करून टप्प्यानं कमी करायचा तक्ता आखून दिलाय. सरांनी तो आलेखाच्या कागदावर काढलाय, आडव्या अक्षावर आठवडे, उभ्यावर मिलिग्रॅम. आज दाखवायला आले होते. पेंग कमी झाली म्हणाले. मुलाला वाटत होतं तसं विसरणं थांबलंय का, ते इतक्यात सांगता येणार नाही. गोळी चालू असताना ती नव्या आठवणी नीट पक्क्या होऊ देत नाही एवढं नक्की. तिनं कायमचा स्मृतिभ्रंश होतो की नाही यावर तज्ज्ञांचं एकमत नाही.

डॉक्टरांनी त्यांना आणखी एक सांगितलंय, दुपारची झोप बंद, झोप येईपर्यंत अंथरुणावर जायचं नाही, उठायची वेळ रोज तीच. सरांना हे आजीबाईचा बटवा वाटलं. पण मनाला आणि सवयींना वळण लावणारे हे उपचार गोळीच्या आधी करावेत, असं अमेरिकेतल्या वैद्यांच्या मोठ्या संस्थेनं २०१६ मध्येच सांगून ठेवलंय. ते महाग नाहीत, फक्त सावकाश आहेत, आणि तपासणीच्या पाच मिनिटांत बसत नाहीत. गोळी बसते.

गोळीच्या विरुद्ध मी नाही, रोज विकते. घरात मरण झालंय, ऑपरेशन झालंय, माणूस चार रात्री तळमळतोय, अशा वेळी ठरावीक दिवसांची गोळी हा आधार आहे, आणि ती घेणाऱ्याला भीती घालणं हा दुष्टपणा आहे. माझं भांडण ‘१५ दिवस’ पुसून जाण्याशी आहे.

५ नोव्हेंबर, मंगळवार

भाऊबीज उरकून गाव पुन्हा कामाला लागलं. आजी वॉकरवर उभ्या राहतात. त्यांची क्लोनाझेपामही हळूहळू उतरवायला घेतलीय.

दुपारी काउंटरवर एक कागद चिकटवला. औषधाचा त्रास रुग्णाला स्वतःला कळवता येतो, हे माझ्या गिऱ्हाइकांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. २०१० पासून देशात त्यासाठी औषधदक्षता कार्यक्रम आहे, मुख्य केंद्र गाझियाबादला. चिठ्ठीतलं औषध असो की दुकानातून घेतलेलं, चक्कर असो, तोंडाची कडू चव असो की रात्रीचं आठवत नसलेलं खाणं, सगळं कळवता येतं. आपली तक्रार क्षुल्लक आहे का ते आपण ठरवायचं नाही, तिथले लोक ठरवतील. कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलंय: घरात कुणी झोपेची गोळी घेत असेल तर तिच्या चिठ्ठीवर किती दिवस लिहिलेत ते आज वाचा, दिवस उलटून गेले असतील तर चिठ्ठी आणि सगळी पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे जा, मनानं बंद करू नका, आणि त्रास होत असेल तर कळवा. फोन फुकट आहे: १८००-१८०-३०२४.